वजनं उचलताय, तरी पोट उतरत नाही? या चुका टाळा

"सर, तीन महिन्यांत एक दिवस खाडा केला नाही, आणि काटा अर्धा किलोसुद्धा हलला नाही." मी ज्या व्यायामशाळेत शिकवतो तिथं हे वाक्य दर महिन्याला कुणी ना कुणी ऐकवतं. बोलणाऱ्याने खरोखर घाम गाळलेला असतो. त्यामुळे "अजून जोर लाव" म्हणून त्याला वाटेला लावणं मला पटत नाही. बहुतेकांची मेहनत कमी पडलेलीच नसते. त्यांनी वजनांकडून भलत्या कामाची अपेक्षा धरलेली असते.

आधी सरळ उत्तर देतो. वजनं उचलून चरबी कमी होते का? होते, पण एकट्या वजनांनी फार थोडी. अंगावरून किती उतरणार हे मुख्यतः ताट ठरवतं. जे उतरेल त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे वजनं ठरवतात. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या लठ्ठ स्त्री-पुरुषांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. आहार कमी केलेल्या सगळ्याच गटांचं वजन सारखंच, म्हणजे सुमारे ९ टक्के उतरलं. पण फक्त चालणं-सायकलिंगसारखा व्यायाम करणाऱ्यांच्या अंगातला चरबी सोडून असलेला भाग ५ टक्के घटला, तर वजनं उचलणाऱ्यांचा २ टक्केच. काट्यावर दोघं सारखेच दिसले. जिना चढताना मात्र हा फरक गुडघ्यांना कळतो.

ताटाचं काम वजनांवर ढकलणं

सगळ्यात जास्त माणसं इथंच अडकतात.

सत्तर किलोच्या माणसाने तासभर वजनं मारली तर जोराप्रमाणे साधारण २५० ते ४०० कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. म्हणजे २५० चा हिशेब धरला तर एका किलोसाठी तीस दिवसांचा व्यायाम, आणि तोही जेवण एका घासानेही न वाढवता. प्रत्यक्षात व्यायामाने भूक वाढते, "आज चांगला वर्कआउट झालाय" म्हणून हात सैल सुटतो, आणि थकून आल्यावर उरलेला दिवस आपण खुर्चीतून कमी उठतो. तीस दिवसांचा हिशेब असा कधी विरघळतो ते समजत नाही.

"स्नायू वाढले की बसल्या जागी चरबी जळते" हे वाक्य प्रत्येक जिममध्ये ऐकू येतं. तत्त्व खोटं नाही, पण आकडा बघा. एक किलो स्नायू विश्रांतीच्या वेळी दिवसाला साधारण १३ कॅलरी खर्च करतात. वर्षभर राबून दोन किलो स्नायू कमावले तर रोजच्या २६ कॅलरी, म्हणजे जवळपास एक ग्लुकोज बिस्कीट. स्नायू कमवावेत ते ताकदीसाठी, हाडांसाठी आणि रक्तातली साखर रिचवण्यासाठी. ही कारणं पुरेशी मोठी आहेत.

मग खर्चापेक्षा कमी कॅलरी खाण्याची ही तूट कुठून काढायची? रोजच्या ३०० ते ५०० कॅलरी कमी केल्या तरी पुरे, आणि त्यासाठी भाकरी सोडावी लागत नाही. फोडणीच्या तेलापासून सुरुवात करा. मोठ्या चमचाभर तेलात १२० च्या आसपास कॅलरी असतात, आणि आपल्या रश्श्यांवर तवंग किती येतो हे वेगळं सांगायला नको. त्यानंतर चहातली साखर, येता-जाता तोंडात टाकलेले शेंगदाणे, संध्याकाळचं फरसाण. उपवासाचा दिवस तर तुटीत धरूच नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात तूप आणि कूट पडलं की ती खिचडी एरवीच्या जेवणापेक्षा जड होऊन बसते.

काट्यालाच न्यायाधीश मानणं

२००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडच्या माणसाचं शरीर दिसायला बारीक आणि आतून चरबीचं कसं असू शकतं, हे इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी ते सांगतो, कारण आपल्या लोकांना काटा जेवढा फसवतो तेवढा क्वचितच दुसऱ्या कुणाला फसवत असेल.

वजनं सुरू केल्यावर तर तो आणखीच फसवतो. नवीन व्यायामाने स्नायूंना सूज येते, त्यात पाणी धरलं जातं. स्नायूंमध्ये साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर, तीनेक ग्रॅम पाणी येतं. पहिल्या काही आठवड्यांत काटा किलोभर वर गेला तर ती चरबी नसते, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत लोक जिम सोडतात. पुढेही नवख्या माणसाची चरबी उतरत आणि स्नायू वाढत असतात, म्हणून बेरीज जागच्या जागी राहते.

शिंप्याची टेप घ्या. दर पंधरा दिवसांनी, सकाळी, काही खाण्यापिण्याआधी, श्वास सहज सोडून बेंबीच्या रेषेत कंबर मोजा आणि वहीत लिहा. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानतात. काटा स्थिर आणि टेप उतरतेय, तर काहीही बदलू नका. चार आठवडे दोन्ही स्थिर असतील, तर वजनांच्या प्लेटा वाढवण्याआधी ताटाकडे बघा. चरबीचे टक्के दाखवणाऱ्या घरगुती काट्यावर रोज उभं राहू नका. तो अंगातून सौम्य वीज सोडून अंदाज बांधतो आणि तांब्याभर पाण्यानेही त्याचा आकडा हलतो.

उपाशी राहून वजनं मारणं

दुसऱ्या टोकाची माणसं सकाळी काकडी आणि रात्री सूप घेऊन स्क्वॉट मारायला येतात. दोन महिन्यांत सात-आठ किलो उतरतात, चेहरा सुकतो, हातातलं बळ जातं आणि पोट मात्र मऊच राहतं. त्यांच्या स्नायूंना बांधायला मालच मिळालेला नसतो.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. वजनं उचलायची आणि जेवणही कमी करायचं, तर १.६ ग्रॅमच्या आसपास जावं लागतं. ६५ किलोच्या बाईला ५४ ग्रॅमऐवजी १०४ ग्रॅम. आपलं वरण-भात, पोळी-भाजीचं ताट तिथपर्यंत पोचत नाही. वाटीभर पातळ वरणात २५ ग्रॅम डाळ असली तर प्रोटीन पाच-साडेपाच ग्रॅमच मिळतं. म्हणून वरण घट्ट करा, आठवड्यात दोनदा पिठलं होऊ द्या, मटकीची उसळ तोंडी लावण्यापुरती न घेता वाटीभर घ्या. दोन अंड्यांतून बारा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमधून अठरा, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांतून पंचवीसेक. मासे-चिकन खाणाऱ्यांचं काम सोपं आहे, फक्त ते तळू नका. शेंगदाण्यातही प्रोटीन आहे, पण शंभर ग्रॅममागे साडेपाचशेहून जास्त कॅलरीही आहेत, म्हणून त्याला तेलबीच समजा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवायचं नाही.

पोटासाठी पोटाचेच व्यायाम

रोज दोनशे क्रंचेस मारून पोटाचे स्नायू बळकट होतील, त्यांच्यावरची चरबी वेगळी निघणार नाही. टेनिसपटूंच्या दोन्ही हातांची चरबी १९७१ मध्ये मोजली गेली होती. वर्षानुवर्षं रॅकेट धरलेल्या हातावर आणि दुसऱ्या हातावर चरबीचा थर सारखाच निघाला. पोटाला बांधायच्या घामाच्या पट्ट्यांवर पैसे घालू नका. घामातून पाणी जातं आणि पाणी प्यायल्यावर ते परत येतं.

"कटिंग" म्हणून वजनं हलकी करणं

चरबी उतरवायच्या दिवसांना जिममध्ये "कटिंग" म्हणतात. तेव्हा जेवण कमी केलं की लोक प्लेटाही काढतात आणि एका दमात तीस-चाळीस रेप्स, म्हणजे आवर्तनं, सपासप मारतात. असं करू नका. ज्या वजनाने स्नायू आला, तेच वजन तुटीच्या दिवसांत त्याला राखतं. शेवटच्या दोन-तीन रेप्सना खरंच जड वाटलं पाहिजे, आणि तरीही फॉर्म, म्हणजे उचलण्याची योग्य पद्धत, बिघडता कामा नये. बैठका, डंबेल रो (वाकून डंबेल ओढणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), प्रेस (वजन ढकलणं) असे मोठे व्यायाम आठवड्यात तीन दिवस केले तरी चालतं. घरी बैठका मारणाऱ्यांनाही हेच लागू आहे. पन्नास बैठका सहज होत असतील तर पाठीवर वजन घ्यायची वेळ झाली. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून वजन उचलू नका.

ताई, काकू, तुम्ही दोन किलोच्या डंबेलवर अडकू नका. पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन तुमच्या दहापटींहून जास्त असतं, तरी त्यांना दंड कमवायला वर्षं लागतात. नकळत कुणाचं शरीर पैलवानासारखं होत नाही.

"सोडलं की मसलची चरबी होते"

कोल्हापूरकडे जुन्या पैलवानांची सुटलेली पोटं दाखवून मुलांना वजनांपासून परावृत्त केलं जातं. स्नायू आणि चरबी या वेगळ्या पेशी आहेत. एकीची दुसरी होत नाही. जोर-बैठका आणि लढती थांबल्या, पण दूध, तूप, बदामाची थंडाई चालूच राहिली, म्हणून पोट आलं.

झोप तोडून पहाटेची बॅच

ही चूक मी स्वतः काही वर्षं केली आणि इतरांनाही करायला लावली, याचं आज वाईट वाटतं. २०१० सालचा शिकागो विद्यापीठाचा एक छोटा अभ्यास वाचून मी थांबलो. त्याच माणसांना, तेवढंच कमी जेवण देऊन, दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची मुभा दिली होती. एकूण वजन जवळपास सारखंच उतरलं. कमी झोपेत मात्र चरबीची घट निम्म्याहूनही खाली आली आणि ती जागा स्नायूंच्या झिजेने भरली. आता एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या मुलांना मी पाळीच्या आठवड्यात दोनच दिवस बोलावतो, तेही झोप काढून, संध्याकाळी. सेट कमी करतो, प्लेटा तेवढ्याच ठेवतो.