दाण्याची चॉकलेटं, साखर-गुळाशिवाय

साखर काढून टाकली की दाण्याला लपायला जागा उरत नाही. चिक्कीत किंवा लाडवात गुळाखाली करपट दाणाही खपून जातो. इथे भाजणीत जे झालं असेल तेच थेट जिभेवर येतं. म्हणून पीनट बटर विकत आणू नका, असं मी आग्रहाने सांगते. बाजारातल्या बऱ्याच बरण्यांमध्ये साखर असते, आणि नसली तरी दाणे कसे भाजलेत हे आपल्या हातात नसतं.

ही चॉकलेटं मी आईसाठी करू लागले. तिला मधुमेह आहे आणि जेवणानंतर काहीतरी गोड हवंच असतं. घरी येणारी प्रत्येक मावशी तिला सांगते, ‘अगं, गूळ चालतो, खजूर चालतो.’ नाही चालत. गूळ म्हणजे बहुतांश साखरच. मध आणि खजूरही रक्तात साखर म्हणूनच उतरतात. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या चॉकलेटांचंही वेष्टन उलटं करून बघा. तिथे माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) किंवा त्याचा ९६५ हा आकडा दिसला, तर त्याने रक्तातली साखर वाढते, साखरेपेक्षा कमी वाढते इतकंच. मी वापरते ते एरिथ्रिटॉल, हेही साखरेऐवजी घालायचंच, पण रक्तातली साखर जवळजवळ न वाढवणारं, आकडा ९६८.

साधारण २४ नगांसाठी एवढं सामान लागेल: सोललेले भाजके दाणे २०० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ४० ग्रॅम, कोको बटर ६० ग्रॅम, खोबरेल तेल एक मोठा चमचा, एरिथ्रिटॉल ७५ ग्रॅम, सैंधव आणि थोडा व्हॅनिला. कोको बटर (कोकोच्या बियांतलं घट्ट तेल) पुण्यात रविवार पेठेत बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा. तिथे स्वस्तातली डार्क कंपाउंड चॉकलेटची लादी पुढे केली, तर घेऊ नका. तिच्यात भरपूर साखर असते आणि कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल. व्हॅनिला तेलात मुरवलेला किंवा पूड असलेला घ्या, पाण्यातला नको. सिलिकॉनचे साचे तुळशीबागेत मिळतात.

दाणे मी मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून आणते. जाडा दाणा दिसायला छान, पण मला घुंगरू किंवा स्पॅनिश जास्त आवडतो. दाणा लहान असतो, पण चव भरून असते. सोलल्यावर घट येते, म्हणून सव्वादोनशे ग्रॅम घ्या आणि ताटात पसरून निवडा. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशीचा वास येणारा एकही दाणा ठेवू नका. दाण्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजूनही पूर्ण जात नाही.

भाजायला जाड लोखंडी कढई आणि मंद आच. घाई केली तर साल काळं होतं आणि आत दाणा कच्चा राहतो. पंधरा-वीस मिनिटं हलवत राहा. आधी ओलसर, कच्चट वास येतो, मग तडतड सुरू होते, मग घरभर खमंग वास सुटतो. एक दाणा फोडून बघा. आतून फिकट बदामी दिसला की गॅस बंद करा, कारण गरम कढईत तो पुढेही भाजला जातो. गार झाल्यावर चोळून सुपात पाखडा. सालं ठेवलीत तर कडवट लागतं आणि साखर नसल्यामुळे ते झाकलंही जात नाही.

आता मिक्सर. चटणीचं भांडं घ्या, ते अगदी कोरडं हवं. थांबून थांबून फिरवा. आधी नेहमीचा कूट होतो. मग तो भांड्याच्या कडांना चिकटून बसतो आणि काहीच होत नाहीसं वाटतं. इथे बरेच जण घाबरून पाणी घालतात. पाण्याचा थेंबही नको. कडा खरवडा, मोटर गार होऊ द्या, पुन्हा फिरवा. गोळा होईल, गोळ्यावर तेलाची चकाकी येईल आणि मग एकदम ढिला पडून चमच्यावरून मधासारखी धार पडेल. तेव्हा थांबा.

एरिथ्रिटॉल तेलात विरघळत नाही. दाणेदारच घातलंत तर दाताखाली कचकच लागते. मिक्सरमध्ये अगदी बारीक पूड करा, झाकण मिनिटभर उघडू नका (पूड नाकात जाते) आणि मग चाळून घ्या. गोडी साखरेच्या साधारण ७० टक्के असते आणि जिभेवर किंचित गारवा येतो. चिमूटभर सैंधवाने तो दबतो. ४० ग्रॅम पूड, सैंधव आणि खोबरेल तेल दाण्याच्या लोण्यात कालवा.

पातेल्यात पाणी गरम करून त्यावर कोरडं वाडगं ठेवा आणि कोको बटर वितळवा. ते साधारण ३४ अंशांनाच वितळतं, त्यामुळे उकळी नको. वाडगं उतरवून खालची वाफ पुसून घ्या. चॉकलेटात पाणी गेलं की त्याच्या गुठळ्या होतात. कोको आणि उरलेली ३५ ग्रॅम पूड चाळून घाला, व्हॅनिला टाका, गुळगुळीत होईपर्यंत घोटा.

साच्याच्या प्रत्येक खणात अर्धा छोटा चमचा चॉकलेट, दहा मिनिटं फ्रीज. त्यावर दाण्याचं सारण, साचा ओट्यावर आपटून सपाट करा, वर पुन्हा चॉकलेट. तासाभरात सुटतात. बाजारच्यासारखी चकाकी येणार नाही, चवीला काही कमी नसतं.

कोको बटरऐवजी सगळं खोबरेल तेल चालेल का? डिसेंबरात चालेल, तेव्हा पुण्यात बाटलीतलं तेलही थिजतं. ते २४ अंशांच्या आसपास पातळ होतं, त्यामुळे एप्रिलात बोटांवरच ओघळ येतील. कोको बटरचीही उन्हाळ्यात फ्रीजमध्येच ठेवा. हवाबंद डब्यात पंधरा दिवस छान राहतात.

तंतू आणि एरिथ्रिटॉल वगळून एका नगात साधारण एक ते दीड ग्रॅम कार्ब (कर्बोदकं) पडतं, पण कॅलरी ८० च्या घरात. कार्ब कमी म्हणून वाटीभर खायची नाहीत. आईला मी एक देते, फार तर दोन. पहिल्यांदा खाल्ल्यावर दोन तासांनी साखर तपासून बघा. एरिथ्रिटॉल जास्त झालं तर पोट बिघडतं. शिवाय २०२३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांना रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार-पक्षाघाताचा धोका यांचा संबंध आढळला. ते कारण आहे हे त्यातून सिद्ध होत नाही, पण हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावीत. कुणाला डबा भरून दिलात, तर आत दाणे आणि एरिथ्रिटॉल आहे हे आवर्जून सांगा.