वकिलांच्या गैरहजेरीत निघालेला दावा पुन्हा नंबरवर कसा घ्यावा

सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) नाशिक जिल्हा न्यायालयात वकील पुकाऱ्याला हजर नव्हते म्हणून दिवाणी दावा काढून टाकला गेला असल्यास, प्रथम नकलेसाठी अर्ज करून रोजनामा (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) व आदेश वाचावा. दोन्ही पक्ष गैरहजर असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 चा नियम 4 लागू होतो. प्रतिवादी हजर व वादी गैरहजर असल्यास नियम 9 लागू होतो, आणि तेव्हा त्याच कारणावरून नवा दावा आणता येत नाही.

दावा पुन्हा नंबरवर, म्हणजे चालू प्रकरणांत, घेण्याच्या अर्जाची मुदत दावा काढून टाकल्याच्या तारखेपासून 30 दिवस आहे. आपल्याला उशिरा कळले, एवढ्याने ती पुढे सरकत नाही. मुदत टळल्यास मुदत कायदा, 1963 च्या कलम 5 खाली विलंबमाफीचा अर्ज सोबत द्यावा.

खरा भर कारणावर हवा. 'अपरिहार्य कारणास्तव' हा ठरीव शब्दप्रयोग माझ्या मते निरुपयोगीच. वकील त्या दिवशी निफाडच्या न्यायालयात उलटतपासात गुंतले असतील, तर तेथील रोजनाम्याची नक्कल आणि वकिलांचे स्वतःचे प्रतिज्ञापत्र जोडावे. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला नको, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 मध्ये रफिक विरुद्ध मुन्शीलाल प्रकरणात म्हटले आहे. तथापि पक्षकारानेच वर्षानुवर्षे चौकशी केली नसेल, तर हा आधार लंगडा पडतो.

नियम 9 खाली प्रतिवादीला नोटीस बजावल्याशिवाय दावा नंबरवर येत नाही, आणि न्यायालय खर्चाची अट घालू शकते. हा अर्ज फेटाळल्यास आदेश 43, नियम 1(c) खाली अपील करता येते.