कोल्हापुरात कुत्री फिरवण्याचा आणि सांभाळण्याचा व्यवसाय कसा सुरू करावा

मुलगा हौसेनं लॅब्रॅडोरचं पिल्लू आणतो. वर्ष-दोन वर्षांत नोकरीसाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला जातो आणि तीस किलोचं ते कुत्रं सत्तरीच्या आई-वडिलांकडे राहतं. ताराबाई पार्क, नागाळा पार्क, रुईकर कॉलनी, कुठंही चौकशी करा, असं एखादं घर निघेलच. काकांचे गुडघे दुखतात, काकूंना त्याची ओढ सोसत नाही, म्हणून कुत्रं दिवसभर गेटला बांधलेलं. ते सतत भुंकतं, चपला फाडतं, लठ्ठ होतं आणि घरचे म्हणतात, "बिघडलं." खरं तर त्याला रोज चालायला मिळत नसतं, इतकंच. तालमीच्या या गावात व्यायामाचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही. कुत्र्यालाही तो रोज लागतो, हे सांगणारा आणि करून घेणारा माणूस मात्र कमी पडतो.

आधी स्वतःची तयारी

कुत्र्यांची आवड हवीच. पण लोक पैसे देतील ते रोज ठरल्या वेळी येणाऱ्या माणसाला, कारण ते घराची किल्ली आणि घरातलं लाडकं जनावर तुमच्या हाती सोपवणार आहेत. पहाटे साडेपाचला बाराही महिने उठणं जमेल का, हे आधी ठरवा.

मग डॉक्टरांना विचारून रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्रं चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. आधी लस घेतली असली तरी चावल्यावर पुन्हा डोस घ्यावे लागतात.

त्यानंतर दोन-तीन महिने एखाद्या प्राण्यांच्या दवाखान्यात किंवा ग्रूमिंगच्या, म्हणजे कुत्र्यांचे केस-नखं कापून अंघोळ घालणाऱ्या दुकानात मदतनीस म्हणून राबा. पगार मिळो न मिळो, इथं शिकायचं ते कुत्र्याचं शरीर वाचायला. शेपूट हलते म्हणजे कुत्रं खूश, हा समज फार महागात पडतो. शेपूट ताठ आणि उंच धरून झटक्यात हलत असेल, अंग आखडलेलं असेल, तर ते तणावात असतं. समोर खाणं नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, तोंड वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दाखवणं, ही सगळी "लांब राहा" म्हणायची त्याची रीत. चालता चालता एकदम थिजलं, तर पुढची पायरी दात. गुरगुरण्यावर कधी ओरडू नका. गुरगुरणं दाबलेलं कुत्रं पुढं न सांगताच चावतं.

भाग लहान ठेवा

घरापासून दोन किलोमीटरच्या आतली गिऱ्हाइकं पुरेत. कसबा बावड्यातून निघून कळंब्याला एक कुत्रं फिरवायचं ठरवलंत, तर अर्धी सकाळ गाडीवर जाईल.

कुत्रं न घेता तो रस्ता आधी पायी फिरा. चिकनचं दुकान कुठं आहे, कचरा कुठं साठतो, भटक्या कुत्र्यांची टोळी कुठल्या चौकात बसते, हे टिपून ठेवा. त्या टोळीशी हुज्जत घालू नका, दगड उचलू नका. लांबून वळसा घ्या. रंकाळ्यावर पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते, तिथं नवं किंवा भित्रं कुत्रं पहिल्याच आठवड्यात नेऊ नका. विद्यापीठाचा परिसर असो की बाग, कुत्रं आणलेलं चालतं का हे गेटवर आधी विचारा. विष्ठा उचलायची पिशवी खिशात असलीच पाहिजे. ती नसेल तर आठवड्याभरात गल्ली तुमच्या विरोधात जाईल, आणि ते रास्तच आहे.

पहिली भेट मालकाच्या समोर

पहिल्या दिवशी फिरायला नेऊ नका. घरात बसा, कुत्र्याकडे बघू नका, त्याला वास घेऊ द्या. तोवर लसीकरणाचं कार्ड बघा. पूर्वी कुणाला चावलंय का, कशाला घाबरतं, औषधं कोणती, डॉक्टर कोण, हे विचारून लिहून घ्या. मालकाचा फोन लागला नाही तर उपचार सुरू करायची लेखी परवानगीही मागून घ्या. "आमचा राजा कुणाला काही करत नाही," असं प्रत्येक मालक म्हणतो. तरी विचाराच.

रोजचं फिरवणं

ओढणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्यापेक्षा छातीला बसणारा हार्नेस बरा. सुरुवातीला एका वेळी एकच कुत्रं न्या. दोन न्यायचीच तर एकाच घरातली.

मार्च ते मे सकाळी आठच्या आत परत या. डांबराला हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद लावून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, 105 च्या पुढं जीवावर बेततं. खूप धापा, घट्ट लाळ, पाय लटपटणं दिसलं की सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना दम लवकर लागतो, हस्कीला उन्हाचा त्रास जास्त. मुधोळ आणि कारवानी ही आपल्या मुलखातली शिकारी कुत्री. मांजर दिसलं की ती ऐकायच्या पलीकडे जातात, म्हणून मोकळ्या जागेतही त्यांचा पट्टा सोडू नका. मोठ्या कुत्र्यांना पोटभर खाल्ल्या खाल्ल्या पळवू नका, पोटाला पीळ पडू शकतो.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, लेप्टोची, म्हणजे अशा घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराची भीती असते. घरी पोचवताना बोटांमधली जागा कोरडी करा, कानांत आणि काखेत गोचीड शोधा. गोचिडतापानं धडधाकट कुत्री दगावतात, आणि रोज हात फिरवणाऱ्या माणसाच्याच हे आधी लक्षात येतं.

पैसे

महिन्याचा दर ठरवा, रोजचा नको. अर्ध्या तासाच्या फेरीला जायचा-यायचा वेळ धरून पाऊण तास जातो. सकाळ-संध्याकाळ मिळून सहा-सात कुत्र्यांवर एका माणसाची ताकद संपते. हव्या असलेल्या कमाईला त्या आकड्यानं भागा, पेट्रोल मिळवा. तुमचा दर तिथंच निघतो. लहान व्यवसायांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते.

सांभाळायला ठेवणं

खरी वाढ इथं आहे. दिवाळी आणि मे महिन्यात लोक गावाला जातात आणि कुत्रं कुठं ठेवायचं हा प्रश्न पडतो. पण आधी तुमचं घर पूररेषेत आहे का ते बघा. 2019 आणि 2021 च्या पुरांत पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. तिथवर पाणी आलं असेल तर पावसाळ्यात बाहेरची कुत्री घेऊ नका.

कुत्र्याला त्याच्या घरचंच खाणं द्या, मालकानं मोजून दिलेलं. तांबडा-पांढरा रस्सा प्रेमानं वाढणारे पुष्कळ असतात. त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो आणि शिजलेली हाडं आतड्यात घुसतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुकेही नकोत. विसर्जनाच्या आणि फटाक्यांच्या दिवसांत संध्याकाळची फेरी लवकर उरका. घाबरलेलं कुत्रं गळपट्ट्यातून मान काढून सुसाट पळतं.

जम बसला की कुणीतरी पिल्लं विकायचा सल्ला देईल. त्या वाटेला जाऊ नका, असं मी कळकळीनं सांगेन. 2017 च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि मुळात सांभाळायला माणूस नसलेली कुत्री आपल्याकडे आहेतच. वाढायचंच असेल तर ग्रूमिंग आणि प्रशिक्षण शिका. बारावीला जीवशास्त्र असलेल्या मुलांना 'नीट' या प्रवेश परीक्षेमार्फत पशुवैद्यकीय पदवीचा रस्ता आहे. अभ्यासक्रम इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा, आणि सातारा जिल्ह्यातल्या शिरवळचं महाविद्यालय आपल्याला जवळचं.

पहिल्या महिन्यातच बदली माणूस तयार करा, भाऊ असो वा मित्र. त्याला दोन-चार फेऱ्यांना सोबत न्या, प्रत्येक कुत्र्याशी आणि घरच्यांशी ओळख करून द्या. तुम्हाला ताप आला त्या सकाळी पट्टा अनोळखी हातात जायला नको.