होस्टेलचं वायफाय रात्री दहाला का अडतं, आणि ते कसं सोडवायचं

रात्री दहानंतर वायफाय चालत नाही, अशी तक्रार वर गेली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इंटरनेटची लाइन वाढवून घ्यायची का? मी विद्यापीठाच्या वसतिगृहांचं नेटवर्क सांभाळते. दरवर्षी मुलं तेवढीच असतात, पण एकेकाच्या खोलीत फोन, लॅपटॉप, घड्याळ, टॅब अशी भर पडत जाते. तरीही लाइनसाठी पैसे मागण्याआधी एक तपासणी करायचीच, असा माझा आग्रह असतो.

जिथून तक्रार आली त्या खोलीत रात्री दहा वाजता लॅपटॉप घेऊन बसा. आधी आपल्याच गेटवेला, म्हणजे होस्टेलचं नेटवर्क जिथून बाहेरच्या इंटरनेटला जोडलं जातं त्या यंत्राला, पिंग लावा (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते बघा), मग बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. गेटवेचं उत्तर पाच-दहा मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचं मात्र रखडतंय, तर अडचण लाइनमध्ये आहे. पण गेटवेचंच उत्तर कधी चार, कधी तीनशे मिलिसेकंद असं उड्या मारत असेल, तर त्याच मजल्याच्या स्विचला (मजल्यावरच्या केबल जिथे एकत्र येतात त्या डब्याला) केबल लावून तीच चाचणी पुन्हा करा. केबलवर सगळं सुरळीत असेल तर दोष हवेत, म्हणजे वायफायच्या लहरींत आहे, आणि लाइन दुप्पट केली तरी त्या खोलीला काडीचा फरक पडणार नाही. टाकी कितीही मोठी बांधली तरी मजल्यावर नळ एकच असेल, तर रांग तशीच राहते.

हा नळ म्हणजे चॅनेल, वायफाय ज्यावर बोलतं तो लहरींचा एक पट्टा. एका चॅनेलवर एका वेळी एकाच उपकरणाने बोलायचं असतं, बाकीच्यांनी थांबायचं. कोपऱ्यातल्या खोलीतला फोन कमकुवत सिग्नलमुळे ६ एमबीपीएसने बोलत असेल, तर तेवढाच डेटा १५० एमबीपीएसने पाठवणाऱ्या लॅपटॉपच्या कितीतरी पट वेळ तो हवा अडवून ठेवतो. आपल्याला वाचवायचा आहे तो हा वेळ.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो ॲक्सेस पॉइंटच्या, म्हणजे वायफायचा सिग्नल देणाऱ्या डब्याच्या जागेने. जुन्या होस्टेलांत ते व्हरांड्यात ओळीने लावलेले असतात. व्हरांड्यात आडकाठी काहीच नसते, म्हणून ते एकमेकांना खणखणीत ऐकू येतात आणि एकमेकांसाठी थांबत राहतात. खोलीपर्यंत जाताना मात्र मध्ये नऊ इंची विटांची भिंत आणि तिला टेकवलेलं लोखंडी कपाट. सिग्नल जिथे हवा तिथेच मरतो. म्हणून ते खोल्यांत घ्या. दोन-तीन खोल्यांमागे एक पुरतो. वरच्या मजल्यावर बरोबर डोक्यावरची खोली टाळून शेजारची निवडा. पॉवर कमी ठेवा. फोनचा स्वतःचा आवाज लहानच असतो, त्यामुळे ॲक्सेस पॉइंटने पूर्ण ताकदीने ओरडून फोनवर पट्ट्या भरलेल्या दिसतात, पण फोनचं म्हणणं परत पोचत नाही.

आता चॅनेल. वायफायचे हे चॅनेल २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा बँडमध्ये (लहरींच्या गटांत) असतात. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ एवढेच वापरा, आणि दाटी असेल तर निम्म्या ॲक्सेस पॉइंटवर हा बँड सरळ बंद करा. खरी जागा ५ गिगाहर्ट्झमध्ये आहे. २०१८ च्या अधिसूचनेने भारतात या बँडचा मोठा भाग विनापरवाना खुला झाला आणि २० मेगाहर्ट्झ रुंदीचे वीसहून जास्त चॅनेल हाताशी आले. तरीही कित्येक ठिकाणी फक्त ३६ ते ४८ आणि १४९ च्या पुढचे वापरात दिसतात. मधले, ५२ ते १४४, चालू करा. तिथे रडारची चाहूल लागली की ॲक्सेस पॉइंट चॅनेल सोडून जातो. विमानतळ जवळ असेल तर लॉगवर लक्ष ठेवा. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ८० केलीत की एकटा ॲक्सेस पॉइंट चार चॅनेल खातो. स्पीड टेस्टचा आकडा त्याने छान दिसतो, मजला मात्र उपाशी राहतो.

नेटवर्कची नावंही कमी करा. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची दवंडी पिटतं, तीही सर्वांत संथ गतीने. दोन-तीन नावं पुरे. १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने दर बंद करून किमान दर १२ वर आणा.

मुलं घरून राउटर आणतात, त्यावर थेट दंड लावू नका. ज्या खोलीत राउटर सापडतो तिथला सिग्नल आधी मोजा. बहुतेकदा पोरांना खरंच गरज असते. पण एक धोका सांभाळा. केबल राउटरच्या वॅन (बाहेरून नेट येण्याच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातली उपकरणं जोडण्याच्या) पोर्टमध्ये खोचली की तो राउटर अख्ख्या मजल्याला स्वतःचे १९२.१६८ वाले नेटवर्क-पत्ते वाटत सुटतो आणि सगळ्यांचं नेट जातं. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या यंत्राला पत्ते वाटू न देणारी सोय) लावलं की हा प्रकार थांबतो.

प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवर एक पत्ता लागतो, त्या पत्त्यांचा हिशेबही करा. तीनशे मुलं, माणशी तीन उपकरणं, म्हणजे नऊशे. /२४ आकाराच्या नेटवर्कमध्ये २५४ च पत्ते मिळतात. /२२ घ्या, १०२२ मिळतील. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा मॅक पत्ता (उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) दाखवतात, म्हणून मॅक नोंदवून घेण्याची जुनी पद्धत सोडा. ८०२.१एक्स लॉगिन ठेवा, म्हणजे प्रत्येकजण स्वतःच्या नाव-पासवर्डने आत येईल. ते बसवलंत की एज्युरोमही (एका संस्थेच्या लॉगिनवर दुसऱ्या संस्थेत वायफाय देणारी सोय) जोडता येतं. भारतात ते अर्नेट ही सरकारी संस्था चालवते.

हे सगळं झाल्यावरही लाइन भरत असेल तर जरूर वाढवा. माणशी २ एमबीपीएसच्या मर्यादेचा फास मात्र नको. गेटवेवर एफक्यू-कोडेल किंवा केक (लाइन सगळ्यांत वाटून रांग लहान ठेवणाऱ्या पद्धती) लावा, म्हणजे एकाचं गेम अपडेट चालू असतानाही शेजारणीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू तुटत नाही. पोरींच्या नोकऱ्या यावर ठरतात, हे मला रोज दिसतं.

ॲक्सेस पॉइंटला वीज स्विचमधून नेटवर्कच्या केबलनेच मिळते, म्हणून खरेदी करताना स्विचचे वॅट बघा. २४ पोर्टचा ३७० वॅटचा स्विच प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट देतो. नव्या ॲक्सेस पॉइंटला ३० वॅटचा पोर्ट लागत असेल तर असे बाराच चालतील. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल नको, फायबरच टाका. वळवाच्या विजांनी तांब्यावरून स्विच जळतात. उंदरांसाठी केबल पाइपातून न्या.

काम मे महिन्याच्या सुट्टीत उरका, पण ठेकेदाराचं शेवटचं बिल तेव्हा काढू नका. रिकाम्या होस्टेलात कुठलंही वायफाय पळतं. टेंडरमध्येच लिहून घ्या: स्वीकृती चाचणी मुलं परत आल्यावर, रात्री दहा ते बारा, प्रत्येक मजल्यावर दाराआड, कपाट बंद असताना, गेटवेच्या पिंगने.