मनीप्लांट आणि निशिगंध : एका झारीने दोघांची निगा राखता येत नाही

पुण्यातील सदनिकांमध्ये मनीप्लांट बहुधा दिवाणखान्यातील कपाटावरून किंवा खिडकीच्या ग्रीलवरून खाली सोडलेला असतो, आणि गॅलरीत ऊन येत असेल तर तेथील एखाद्या कुंडीत निशिगंधाचे कंद लावलेले असतात. पाणी घालताना दोन्ही कुंड्यांना एकाच झारीतून, एकाच मापाने पाणी दिले जाते आणि बिघाडाची सुरुवात तेथेच होते. वेल बाराही महिने कमी-अधिक वाढत राहते. कंद मात्र काही महिने वाढतो, फुलतो, पुढच्या हंगामाची शिदोरी साठवतो आणि मग विश्रांती घेतो. म्हणून वेलीला पाणी मातीकडे पाहून द्यावे आणि कंदाला ऋतूकडे पाहून द्यावे. बाकीची सारी निगा या एका फरकातून ठरते.

आधी जागेचा विचार करावा. मनीप्लांट हा मूळचा दक्षिण प्रशांत महासागरातील मोरेआ बेटावरचा, मोठ्या झाडांच्या सावलीत त्यांच्या खोडांवर चढणारा वेल आहे, त्यामुळे त्याला थेट ऊन नको असते, पण भरपूर उजेड लागतो. पूर्वेच्या खिडकीतील कोवळे ऊन त्याला मानवते. पश्चिमेच्या गॅलरीतील एप्रिल-मेचे ऊन पाने करपवते. अंधाऱ्या कोपऱ्यात तो जगतो खरा, परंतु पानांवरील पिवळे-पांढरे पट्टे नाहीसे होतात आणि दोन पानांमधील अंतर वाढून वेल विरळ दिसू लागते. निशिगंध मेक्सिकोचा. त्याला दिवसाचे निदान सहा तास स्वच्छ ऊन मिळाले पाहिजे, नाहीतर नुसती गवतासारखी पाती वाढतात आणि फुलांचा दांडा येतच नाही. उत्तरेकडची गॅलरी असलेल्यांनी निशिगंधाचा हट्ट धरू नये, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

मनीप्लांटला सहा ते आठ इंची कुंडी पुरते. लाल माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत साधारण सम प्रमाणात घेतले की माती भुसभुशीत राहते. निशिगंधासाठी बारा इंची खोल कुंडी घ्यावी, तळाला विटांचे तुकडे घालावेत आणि मातीत जाड वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेणखत कंद कुजवते. कंद निवडताना हातात घेऊन दाबून पाहावा. दोन ते तीन सेंटिमीटर जाडीचा, टणक आणि वजनदार कंद चांगला. बुडाशी मऊ किंवा बुरशी आलेला असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नये. अशा कुंडीत तीन-चार कंद, टोके वर ठेवून, सुमारे पाच सेंटिमीटर खोल लावावेत. लागवडीपासून फुले येण्यास साधारण तीन महिने किंवा थोडे अधिक लागतात, म्हणून एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत लावलेले कंद गणेशोत्सवाच्या सुमारास फुलण्याची चांगली शक्यता असते, आणि घरच्या गणपतीच्या हारात घरचीच फुले ओवण्याचा आनंद फार वेगळा असतो.

आता पाण्याविषयी, कारण सर्वाधिक झाडे पाण्यानेच जातात आणि तीही कमी पाण्याने क्वचितच. मनीप्लांटच्या मातीत बोटाची दोन पेरे खुपसून पाहावीत. तेथपर्यंत माती कोरडी लागली तरच तळाच्या भोकातून निथळेल इतके पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. मे महिन्यात ही वेळ दोन-तीन दिवसांनी येईल, तर डिसेंबरात आठ-दहा दिवसांनी. निशिगंधाला लागवडीनंतर एकदा भरपूर पाणी देऊन कोंब दिसेपर्यंत माती केवळ ओलसर ठेवावी. पाती वाढू लागली आणि पुढे दांडा वर येऊ लागला की पाण्यात खंड पडू देऊ नये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या गच्चीवरील कुंडीला बहुतेक दिवस वरून पाणी देण्याची गरज नसते. त्या काळात कुंडी विटांवर उचलून ठेवणे आणि तळाची भोके मोकळी आहेत की नाहीत हे पाहणे अधिक महत्त्वाचे. जेथे बोअरचे किंवा टँकरचे क्षारयुक्त पाणी वापरावे लागते, तेथे मातीवर पांढरा थर धरतो; तो वरवर खरवडून काढावा आणि पावसाळ्यात दोन्ही कुंड्या एकदा पावसाच्या पाण्याने चांगल्या धुऊन निघू द्याव्यात.

पिवळे पान दिसताच झारी उचलण्याची सवय मोडली पाहिजे. मनीप्लांटच्या बुडाजवळचे एखादे जुने पान पिवळे होऊन गळणे स्वाभाविक आहे. मात्र माती ओली असताना एकाच वेळी अनेक पाने पिवळी पडत असतील, खोडाचा तळ काळसर आणि मऊ लागत असेल व मातीला आंबूस वास येत असेल, तर मुळे कुजली आहेत. अशा वेळी वरचा निरोगी भाग कापून नव्याने रुजवणे हाच उपाय. पाणी कमी पडलेल्या वेलीची पाने आधी लुळी पडतात, कडेने आत वळतात, आणि पाणी मिळताच काही तासांत सावरतात. निशिगंधाची पाती जुलैत पिवळी पडली आणि हलके ओढताच हातात आली तर खाली कंद सडला आहे असे समजावे. तीच पाती डिसेंबर-जानेवारीत टोकाकडून बुंध्याकडे पिवळी होत गेली तर काहीही बिघडलेले नाही. कंद विश्रांतीला निघाला आहे. तेव्हा पाणी हळूहळू कमी करून शेवटी बंद करावे आणि पाती पूर्ण वाळेपर्यंत कापू नयेत, कारण हिरव्या पात्यांतील अन्न त्या काळात कंदात उतरत असते.

एकदा फुललेला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवती धरलेले नवे कंद पुढची फुले देतात. त्यामुळे दोन-तीन वर्षांनी कुंडी रिकामी करून गड्डा फोडावा, मोठे कंद निवडून सावलीत वाळवावेत आणि कागदी पिशवीत किंवा टोपलीत हवेशीर ठेवून चार-सहा आठवड्यांनी पुन्हा लावावेत. बारीक कंद वेगळ्या कुंडीत वाढवता येतात, पण त्यांच्याकडून पहिल्याच हंगामात फुलांची अपेक्षा ठेवू नये.

वेलीला विश्रांती नको, छाटणी हवी. लोंबती वेल जितकी लांब होते तितकी तिची पाने लहान होत जातात, तर हीच वेल मॉसस्टिकवर (शेवाळ गुंडाळलेल्या काठीवर) किंवा झाडाच्या खोडावर चढवली की पाने मोठी होतात. पुण्यातील जुन्या बंगल्यांच्या आवारात हाताच्या पंजाहून कितीतरी मोठी, कडेला चिरलेली पाने दिसतात ती याच मनीप्लांटची. लोंबतीच ठेवायची असेल तर दोन-तीन महिन्यांनी शेंडे खुडावेत. कापताना पेरावरील तपकिरी उंचवटा शोधून त्याच्या थोडे खाली कापावे, कारण मुळे तेथूनच फुटतात. पेराशिवाय नुसते पान पाण्यात ठेवून नवी वेल होत नाही. कापलेला तुकडा पाण्याच्या बाटलीत रुजवत असाल तर ते पाणी दर आठवड्याला न चुकता बदलावे, कारण डेंगीचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. अळूप्रमाणेच याही वेलीच्या रसात खाज आणणारे स्फटिक असतात, म्हणून कापल्यावर हात धुवावेत आणि रांगते मूल किंवा मांजर घरात असेल तर वेल उंचावरच ठेवावी.

खताबाबत हात आखडता ठेवावा: वेलीला पावसाळ्यात महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते, तर निशिगंधाला लागवडीच्या वेळी हाडांचा चुरा व निंबोळी पेंड द्यावी. पिठ्या ढेकूण ही पांढरी, कापसासारखी दिसणारी कीड दोन्हींवर येते. कापसाच्या बोळ्याने पुसून निंबोळी तेलाची फवारणी करावी.

मे महिन्यात गावी जाणार असाल तर मनीप्लांट भरपूर पाणी देऊन, उजेड येणाऱ्या न्हाणीघराच्या खिडकीत ठेवावा. तेथे तो दहा-बारा दिवस सहज निभावतो. निशिगंधाचे कंद मात्र जाण्याआधी घाईने लावून देखरेखीविना सोडू नयेत. ते कोरड्या जागी पिशवीतच राहू द्यावेत आणि परतल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात लावले तरी चालतात. फुले सप्टेंबरात येतील इतकेच.