ट्रेकवाल्याला गिफ्ट काय द्यायचं? आपल्या कोकणातल्या हिशोबाने

माझा भाऊ सुट्टी मिळाली की सॅक उचलतो आणि खेडची एसटी पकडतो, रसाळ-सुमार-महिपत हे तिथले तीन गड तर त्याचे किती वेळा झालेत त्याचं त्यालाच माहीत. त्यामुळे वाढदिवस आला की काय द्यायचं हा आमच्या घरातला ठरलेला प्रश्न. आता जरा अंदाज आलाय म्हणून लिहितेय.

आधी दुकानात जाऊ नका, आधी गुपचूप त्याची सॅक बघा. काय फाटलंय, काय सुतळीने बांधलंय, काय दर वेळी मित्राकडून मागून नेतो, हे कळलं की अर्धं काम झालं. आणि जे घ्याल ते दोन दिवस त्याच्या पाठीवर असणारे, त्यामुळे हलकंच घ्या.

बूट मात्र न सांगता आणू नका. मी एकदा त्याच्या घरच्या चपलेचा नंबर बघून आणले, रसाळगड उतरताना पाय पुढे सरकून सरकून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, मला फार वाईट वाटलं. चालून चालून पाय सुजतात, त्यात जाड मोजे, म्हणून बोटांपुढे थोडी जागा लागतेच. त्याला संध्याकाळी दुकानात घेऊन जा, जाड मोजे घालून बघू दे, आणि तळवा नीट तपासा कारण पावसात जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की साधा बूट घसरतो.

मला विचाराल तर सगळ्यात चांगलं गिफ्ट म्हणजे हेडटॉर्च. आपल्याकडे फुरसं हा विषारी साप किती आहे ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको, जेमतेम हात-दीड हात लांब, जांभ्याच्या दगडांखाली दडून बसतं आणि रात्री बाहेर पडतं, अंगाचे खवले एकमेकांवर घासून फुस्स आवाज करतं पण चालणाऱ्याच्या बडबडीत तो ऐकू येईलच असं नाही. मोबाईलच्या टॉर्चने एक हात अडकतो, बॅटरी पण जाते. हेडटॉर्चने पाय पडतो ती जागा दिसते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. त्यातही रिमोटच्या बारीक सेलवर चालणारा घ्या, पावसाळ्यात गावात लाईट गेली की चार्जिंग कुठे करणार, सेल मात्र वाण्याकडे मिळतात.

कपड्यांचं म्हणाल तर सुती नको. इथल्या दमट हवेत सुती टीशर्ट एकदा घामाने भिजला की रात्रभर दोरीवर टाका, सकाळी ओलाच. पटकन सुकणारा, पूर्ण बाह्यांचा घ्या, करवंदीच्या जाळ्यांतून जाताना हात सोलवटत नाहीत. आंबोलीकडे पावसात जाणारा असेल तर जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे मिळतात ते द्या. छत्रीपेक्षा पोंचो बरा, सॅकसकट झाकतो. फोनसाठी वॉटरप्रूफ पाऊच आणि एक शिट्टी, हे शंभर-दोनशेत होऊन जातं.

बजेट कमी असलं तरी काही अडत नाही, घरची फणसपोळी, आंबापोळी, भाजलेले शेंगदाणे आणि मीठ लावलेली आमसुलं छोट्या छोट्या पुड्या करून द्या. उन्हात चढताना तोंडात आमसूल आणि मागून पाणी, एवढ्याने पण तरतरी येते.

आणि ज्याच्याकडे सगळं आहे त्याला एक दिवस द्या. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले खांदेरी, रायगड, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे पाच आपल्या कोकणातले. डोंगर चढणाऱ्यांचे बऱ्याचदा पाण्यातले किल्लेच राहून जातात. पावसात होड्या बंद असतात, म्हणून दिवाळीनंतरची तारीख धरा, हर्णैहून सुवर्णदुर्गाच्या होडीचं आधी विचारून ठेवा आणि स्वतःही सोबत जा. महादरवाज्याच्या पायरीवर कासव कोरलंय, ते बघायला विसरू नका.