नागपुरातून इंडी संगीताचं त्रैमासिक: पहिल्या अंकाआधीची तयारी

नाव काय ठेवायचं, लोगो कोण करणार, मुखपृष्ठावर कोणाचा फोटो, ही चर्चा तूर्तास बाजूला ठेवा. पहिल्या बैठकीत एवढंच कागदावर यायला हवं: आपण कोणाच्या संगीताबद्दल लिहिणार आणि ते वाचणार कोण. इंडी म्हणजे गाणं स्वतः रचलेलं, स्वतःच्या किंवा दोस्तांच्या पैशाने रेकॉर्ड केलेलं आणि हक्क स्वतःकडे राखलेलं, एवढी व्याख्या माझ्या मते पुरेशी आहे. वाद्य कोणतं, भाषा कोणती, हे त्यात आणू नका. ही व्याख्या प्रामाणिकपणे लावली की अंबाझरीच्या बाजूला गिटार वाजवणारी कॉलेजातली पोरं जशी तिच्यात बसतात, तसेच इंदोऱ्यातले रॅपर बसतात आणि कुठल्याही मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय स्वतःची भीमगीतं लिहून, चाली लावून गाणारे शाहीरही बसतात. स्वतःच्या बळावर उभं राहिलेलं संगीत या शहरात कुणी पिढ्यान्‌पिढ्या जपलं असेल, तर ते या गाणाऱ्यांनी. त्यांना वगळून फक्त धरमपेठेतल्या कॅफेंमधल्या कार्यक्रमांवर अंक काढला, तर ती मुंबई-पुण्याची नक्कल होईल आणि वाचकही कॅफेत मावतील तेवढेच मिळतील.

व्याख्या ठरली की शहराचा मोठा नकाशा घ्या आणि भिंतीवर लावा. सिव्हिल लाइन्समधलं वसंतराव देशपांडे सभागृह, रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह, लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सोसायटीचं सभागृह, दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र ही ठिकाणं सगळ्यांना ठाऊक आहेत. ती खूण करून मोकळे व्हा. आपल्याला खरी गरज आहे ती सराव कुठे चालतो, घरातल्या खोलीत गाद्या लावून रेकॉर्डिंग कोण करतं, बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधी कुठल्या वस्तीत रात्री ढोलकी वाजते, हे कळण्याची. ते सांगणारी माणसं म्हणजे ढोलकीला शाई भरून देणारे, हार्मोनियमचे सूर लावणारे आणि गिटारच्या तारा विकणारे. शहरात वाजवणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्या दारात उभा राहतो. त्यांच्याकडे फॉर्म घेऊन जाऊ नका. दुकानात गिऱ्हाईक नसेल अशा दुपारी जा, काकांना नमस्कार करा, आपण काय करतोय ते सांगा आणि ऐकत बसा. एका दुकानातून निघताना पुढची चार नावं हातात असतात.

आता वाचकांचा शोध. गूगल फॉर्म बनवून व्हॉट्सॲपवर फिरवायचा मोह सगळ्यांनाच होतो. तसा फॉर्म आपल्याच मित्रांच्या मित्रांकडे जातो आणि आपल्याला आवडतं तेच सगळ्यांना आवडतं असं दाखवून परत येतो. फॉर्म जरूर करा, पण शेवटी, आणि तोही गप्पांमधून कळलेल्या गोष्टी किती जणांना लागू पडतात हे तपासण्यापुरता. आधी वीस-पंचवीस माणसांशी समोरासमोर, निवांत बोला. ही माणसं वेगवेगळ्या नागपुरांतली असू द्या: हिंगणा रोडवरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांतली यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूरहून आलेली होस्टेलची मुलं, महाल भागात वाढलेली आणि शास्त्रीय गाणं शिकणारी मुलगी, कामठी रोडवर मोबाइल दुरुस्त करत बीट्स बनवणारा, मिहानमध्ये नोकरी करणारा आणि शनिवारी ड्रम्स वाजवणारा, मानेवाड्याची शाळेतली शिक्षिका.

‘असं त्रैमासिक निघालं तर विकत घ्याल का?’ हा प्रश्न यादीतून काढून टाका. आपल्याकडे घरी आलेल्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत, त्यामुळे उत्तर कायम होकारार्थीच येणार. भविष्याऐवजी झालेल्या गोष्टी विचारा. शेवटचं नवीन गाणं तुमच्यापर्यंत कसं आलं, कोणी पाठवलं, कशावर ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं का? समोरच्याची हरकत नसेल तर त्याच्याच फोनमधली ऐकलेल्या गाण्यांची यादी उघडून दोघांनी मिळून बघा. तोंडाने सांगितलेली आवड आणि यादीतली आवड यांत बराच फरक निघतो. मग विचारा, शेवटचा कार्यक्रम कुठे पाहिला, तिकीट होतं की फुकट, सोबत कोण होतं, किती वाजता निघालात आणि घरी कसे परतलात. संगीतावर शेवटचे पैसे कशावर गेले: इअरफोन, तारांचा संच, क्लासची फी, स्टुडिओचे तास? आणि कागदावर छापलेलं, परीक्षेशी संबंध नसलेलं शेवटचं काय वाचलंत? या एका प्रश्नावर माणूस किती वेळ आठवत बसतो, तेही वहीत टिपून ठेवा.

घरी कसे परतलात, हा प्रश्न गाळू नका, विशेषतः मुलींना विचारताना. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरवर बंदी आहे, तरी साडेआठ-नऊला रंगात येणारा कार्यक्रम होस्टेलचं गेट बंद होण्याच्या वेळेशी भिडतोच. अर्धा कार्यक्रम सोडून निघणाऱ्या, किंवा त्या धास्तीने मुळात न येणाऱ्या मुली हा आपला फार मोठा वाचकवर्ग ठरू शकतो. जे प्रत्यक्ष ऐकता आलं नाही, ते नीट लिहिलेलं वाचायची ओढ त्यांना असणारच. त्यांच्यासाठी अंकात कार्यक्रमांचे वृत्तांत सविस्तर हवेत, आणि आगामी कार्यक्रमांच्या पानावर सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ आणि जवळचं मेट्रो स्टेशन छापायला हवं.

वाचकांचे गट पाडताना जाहिरात कंपन्यांची तयार वर्गवारी वापरायची का, असं कोणी ना कोणी विचारेल. इंग्लंडात व्यवसायानुसार ए, बी, सी-वन अशा श्रेण्या असतात आणि तिथल्या संगीत मासिकांच्या जाहिरातपत्रकांत त्या दिसतात. आपल्याकडे घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण आणि ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत यावरून श्रेणी ठरते. मोठ्या जाहिरातदाराशी बोलताना हे माहीत असलेलं बरं. पण चार जणांत एक खोली घेऊन राहणाऱ्या पोराच्या खोलीत फ्रिज नसतो आणि हातात मात्र पैसे साठवून घेतलेला मायक्रोफोन असतो. त्याला या तक्त्यात कुठे बसवाल? आपले गट वागण्यावरून पाडा: वाजवणारे, नियमित ऐकायला जाणारे, फक्त फोनवर ऐकणारे, आणि मुलं गातात म्हणून या जगात ओढले गेलेले आईबाप. शेवटचा गट कोणी मोजत नाही, पण छापील अंक जपून ठेवणारा आणि चार नातेवाइकांना दाखवणारा तोच आहे.

दीक्षाभूमीसाठी वेगळा वेळ राखून ठेवा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिथे जी गर्दी होते, ती पुस्तकांच्या दुकानांवरही तितकीच होते. दूरच्या खेड्यांतून आलेली माणसं भाकरी बांधून आणतात आणि परत जाताना पुस्तकं नेतात. गाण्यांचीही विक्री होते. छापलेल्या शब्दासाठी आणि गाण्यासाठी आपणहून खिशात हात घालणारा इतका मोठा समुदाय विदर्भात एका जागी दुसरीकडे कुठे दिसेल असं मला वाटत नाही. एखाद्या स्टॉलवाल्या दादांची परवानगी घ्या आणि बाजूला दोन तास उभे राहा. प्रश्न विचारू नका, बघा. पुस्तक कोण उचलतं, आधी मागची किंमत पाहतं की आतलं पान, कुठल्या किमतीला हात थांबतो, बापाने ठेवून दिलेलं मुलगी पुन्हा उचलते का. आपल्या अंकाची किंमत ठरवायला याहून खात्रीचा अभ्यास नाही.

भाषेचा निर्णय याच टप्प्यावर घ्या. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडची आणि मग जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, मराठी आणि हिंदी इथे एकाच टपरीवर चालतात, आणि बरीचशी नवी गाणी या दोन्हींच्या मिश्रणात लिहिली जातात. अंक मराठीत काढा, पण मुलाखत देणारा हिंदीत बोलला असेल तर त्याची वाक्यं हिंदीतच राहू द्या. लिपी एकच आहे, वाचकाला अडचण नाही. वऱ्हाडी किंवा झाडीबोलीत बोलणाऱ्याचं बोलणं ‘शुद्ध’ करायला बसू नका.

दुसऱ्यांनी काय केलं याचा अभ्यास थोडक्यात उरका, पण दोन उदाहरणं नीट बघा. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादहून सुरू केलं. मुंबई, दिल्ली, बंगळुरूचे बँड त्यात यायचे आणि मासिक निघायचं अलाहाबादहून, तेव्हा नागपूर म्हणजे आडबाजू हे कारण कोणी पुढे करू नये. दुसरं ब्रिटनचं ‘एनएमई’: १९५२ पासूनचं साप्ताहिक, २०१५ मध्ये ते जाहिरातींच्या भरवशावर फुकट वाटायला लागले आणि २०१८ मध्ये छापील साप्ताहिक बंद झालं, २०२३ मध्ये छापील अंक परतला तो कमी वेळा निघणारा म्हणून. जाहिरातींवर पूर्ण विसंबायचं की वाचकाकडून किंमत घ्यायची, याची चर्चा करताना हा क्रम समोर ठेवा. मी किंमत घेण्याच्या बाजूने आहे, ती लहान असली तरी.

यानंतर डमी, म्हणजे हाताने केलेला नमुना अंक. ए-फोरचे चार कागद मधोमध दुमडा, एकात एक घाला, सोळा पानांची पुस्तिका तयार. सेंटर पिनच्या अंकाची पानं चारच्या पटीतच वाढतात, हे तिथेच हाताला समजतं. आत हाताने मथळे लिहा, फोटो चिकटवा, एखाद-दोन लेख खरे टाका आणि ज्यांच्याशी गप्पा मारल्या त्यांच्यातल्याच काहींच्या हातात द्या. बोलू नका, अंगठा बघा. कुठल्या पानावर थांबला, कुठली चार पानं एकदम उलटली, क्यूआर कोड दिसल्यावर फोन बाहेर निघाला का. लेख वाचता वाचता गाणं ऐकता यावं म्हणून आपण कोड टाकणार, पण इअरफोन नसलेल्या बसमध्ये त्याचा उपयोग शून्य. तेव्हा कोड न उघडताही लेख पुरा वाटला पाहिजे.

टाइपसेटिंगची चाचणी डमीबरोबरच करा. प्रेसमध्ये अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर काम चालत असेल, तर मजकूर बदलताना अक्षरं बिघडतात. युनिकोडच ठेवा, ‘मुक्ता’सारखे मोफत फॉन्ट चांगले आहेत. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ ही सेटिंग लावलेली नसेल तर जोडाक्षरं फुटतात. तपासायला एक ओळ पुरते: ‘वऱ्हाडातल्या कोऱ्या सुरांची तऱ्हा’. ही ओळ पडद्यावर, पीडीएफमध्ये आणि छापलेल्या प्रूफवर, तिन्हीकडे सारखी दिसली तर पुढे जा. कागदाचे नमुने मागून घ्या, ७० जीएसएम मॅपलिथो (हा छपाईचा साधा कागद) उजेडासमोर धरा आणि मागच्या बाजूची छपाई किती दिसते ते पाहा. फोटो जास्त असतील तर त्याहून जाड कागद लागेल.

कायद्याचं काम कंटाळवाणं आहे, म्हणून एकाच माणसाकडे सोपवा आणि त्याला दुसरं काम देऊ नका. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला आहे. शीर्षक आणि नोंदणी, दोन्हींचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतो. शीर्षक आधीच्या कोणाशी जुळणारं नको, म्हणून चार-पाच पर्याय तयार असू द्या. नावावरची चर्चा आता उघडायला हरकत नाही. गाण्याच्या ओळी छापण्याबाबत: समीक्षेसाठी वाजवी प्रमाणात उद्धृत करायला कॉपीराइट कायदा परवानगी देतो, अख्खं गाणं छापायला नाही. कवी किंवा गीतकार गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या रचनांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत. सुरेश भट २००३ मध्ये गेले, म्हणजे २०६३ पर्यंत. खंजिरी भजनावर किंवा गझलेवर विशेषांक करायचा विचार असेल तर परवानगीची पत्रं आधीच पाठवा. जिवंत गीतकाराची लेखी संमती घ्या, आणि फोटो ज्याने काढला त्याचं नाव फोटोखालीच छापा. या क्षेत्रात पैसे कमी मिळतात, निदान नाव तरी पूर्ण मिळालं पाहिजे.

पैशांचा हिशेब उलट्या बाजूने मांडा. समजा दीक्षाभूमीवर बघून किंमत ६० रुपये ठरली. त्यातून विक्रेत्याचं कमिशन वजा करा, टपाल वजा करा, न खपलेल्या प्रतींचा वाटा वजा करा, लेखकांचं मानधन वजा करा. उरेल तेवढ्यात एक प्रत छापता येते का, हे विचारायला प्रेसमध्ये जा. काही शेकड्यांपर्यंत डिजिटल छपाई परवडते. ऑफसेटला प्लेटचा खर्च एकदाच लागतो, म्हणून प्रती वाढतील तशी दरप्रत किंमत उतरते. दोन्हींचे दर तीन प्रेसमधून लेखी घ्या. जाहिराती वाद्यांच्या दुकानांकडून, क्लासेसकडून, साउंडवाल्यांकडून मागा आणि पहिल्या अंकाचा ताळेबंद त्यांच्याशिवाय बसवून पाहा.

राहिलं वेळापत्रक. जूनमध्ये कॉलेजं उघडली की गप्पा सुरू करा. गणपतीत मंडळांमधले वाजवणारे भेटतील, दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमी होईल, दिवाळीनंतर पूर्व विदर्भात झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो, तिथल्या वादकांना भेटायला गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा गाठा. विद्यापीठाच्या हिवाळी परीक्षांच्या काळात कोणाकडून लेखाची अपेक्षा ठेवू नका. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सचा परिसर बंदोबस्तात असतो, तेव्हा प्रकाशनाचा कार्यक्रम जानेवारीत घ्या, संध्याकाळी सहाला सुरू करून साडेआठच्या आत संपेल असा. पहिल्या अंकाच्या शेवटच्या पानावर दुसऱ्या अंकाची तारीख छापा. ती एप्रिलची असेल, म्हणजे १४ एप्रिलच्या जयंतीआधी आठवडाभर अंक स्टॉलवर पोचवायचा असं धरून दुसऱ्या अंकाचे लेख जानेवारीतच वाटून द्या.